रोग्याच्या छातीला कान देणारा वैद्य : रेने लाएनेक

दरवर्षी शाळा सुरू झाली की वसतिगृहातील विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी होते. डॉक्टर जीभ पाहतात, पापणी खाली ओढून डोळे पाहतात, नाडी मोजतात, पोट चाचपतात, पाठीवर बोटांनी ठोकून पाहतात आणि शेवटी छातीला स्टेथोस्कोप लावतात. मुलांना यात काहीच नवल वाटत नाही. हा स्टेथोस्कोप ज्याने दिला, त्या फ्रेंच वैद्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

रेने लाएनेक यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1781 रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. ते लहान असतानाच क्षयाने आईचे छत्र हरपले. पुढे नाँत शहरातील डॉक्टर काकांनी त्यांचा सांभाळ केला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचे शिक्षण झाले. 1801 मध्ये ते पॅरिसला आले आणि कॉर्व्हिसार या नामवंत वैद्याचे शिष्य झाले. छातीवर बोटांनी ठोकून आतील रोग ओळखण्याची रीत ऑस्ट्रियातील औएनब्रुगर यांनी 1761 मध्येच ग्रंथरूपाने मांडली होती. परंतु ती उपेक्षित राहिली. कॉर्व्हिसार यांनी 1808 मध्ये त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर करून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

1816 मध्ये लाएनेक यांची नेमणूक पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात झाली. हे रुग्णालय गोरगरिबांसाठी उभारलेले होते. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्यांच्याकडे आली. शरीर स्थूल असल्याने हात लावून वा ठोकून काही कळेना, आणि तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास ते स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर ठेवले व दुसरे कानाला लावले. हृदयाचे ठोके कधी नव्हे इतके स्वच्छ ऐकू आले.

पुढे त्यांनी स्वतः लाकडाच्या पोकळ नळ्या तयार केल्या. तीन वर्षे रोग्यांच्या छातीतील आवाज ऐकून ते टिपून ठेवले आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून ते पडताळून पाहिले. 1819 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यूमोनियात फुप्फुसातून येणारा बारीक चरचराट त्यात नेमका वर्णिलेला आहे. 13 ऑगस्ट 1826 रोजी, वयाच्या अवघ्या 45 व्या वर्षी, क्षयानेच त्यांचा अंत झाला. त्यांच्याच नळीने पुतण्याने त्यांची छाती तपासली होती.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही येथे थांबू शकत नाही. त्या ग्रंथानंतर 110 वर्षांनी, 1929 मध्ये, काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ही हकीकत नोंदवली आहे. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. रोगी स्त्रीलाच वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्यांनी ते शिक्षकाला दिले आणि शिक्षकाने पत्नीला. ते त्याच वाटेने परत आले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले. नाडीला हात लागला नाही, छातीला नळी लागली नाही. ती माउली वाचली नाही.

लाएनेक यांनी संकोचापोटी कान दूर केला. पण रोग्याच्या अधिक जवळ जाण्याचा मार्ग शोधला. काठेवाडच्या डॉक्टरकडे विद्या होती, मात्र माणसाला माणूस मानण्याची बुद्धी नव्हती. आज आमच्या मुलांच्या छातीला डॉक्टर नि:संकोच नळी लावतात आणि मुलांना त्याचे नवल वाटत नाही. हे नवल न वाटणे फार मोलाचे आहे. आमच्या शाळेतून जे विद्यार्थी डॉक्टर व परिचारिका होतील, त्यांनी रोग्याला हात लावताना त्या शिक्षकपत्नीचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा.