हरवलेला ‘ग्रह’ शोधून देणाऱ्या गाऊसचं गणित आज सर्नमध्ये काय करतंय?

कार्ल फ्रेडरिक गाऊस १७७७ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये जन्मला. घरची परिस्थिती बेताची. पोराची हुशारी पाहून तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला.

१ जानेवारी १८०१ ला सिसिलीत पियाझीला सिरीस दिसला. तेव्हा तो ग्रहच वाटला. पण ४१ दिवसांत तो सूर्याच्या तेजात हरवला. २४ वर्षांच्या गाऊसने मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस सिरीस सापडला!

१८०९ च्या ग्रंथात गाऊसने ‘लीस्ट स्क्वेअर्स’ पद्धत मांडली. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच. म्हणून सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल, ते उत्तर धरायचं. लजांद्रने ती १८०५ मध्येच छापली होती, त्यामुळे श्रेयावरून वादही झाला. पुढे हॅनोव्हर राज्याच्या जमीनमोजणीत गाऊसने हीच पद्धत वापरली.

आता जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये या. तिथल्या डिटेक्टरमध्ये कणांचा माग काढणारे हजारो सिलिकॉन सेन्सर आहेत. तापमान, चुंबकीय क्षेत्र यांमुळे ते किंचित सरकतात. मग कणाचा काढलेला मार्ग आणि सेन्सरवरची खूण जुळत नाही. अशा लाखो मार्गांमधली तफावत एकत्र घेऊन, तिच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करत सेन्सरची खरी जागा ठरवतात. यालाच अलाइनमेंट म्हणतात. ते चुकलं, तर कणाचा संवेग चुकतो आणि वस्तुमानही.

गाऊस १८५५ मध्ये गेला. तेव्हा इलेक्ट्रॉनचाही शोध लागला नव्हता.