नाथांचा नित्यनेम

फाल्गुन वद्य षष्ठी ही श्रीएकनाथ महाराजांची पुण्यतिथी. महाशिवरात्रीस श्रीपरमेश्वराचे दर्शन घेतलेल्या हिमायतनगरकरांनी आज पैठणच्या या महापुरुषाचे स्मरण करावे.

देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागविली, ही कथा परंपरेने जपली आहे. हाती घेतलेल्या कार्यात चित्त ओतावयाचे, हाच त्यांचा नित्यनेम झाला. पुढे पैठणास गोदास्नान, पुराणकथन, अन्नदान आणि रात्री कीर्तन असा त्यांचा दिवस प्रपंचातच परमार्थमय होई.

धैर्यही तसेच. श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांस वाढून त्यांनी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला, असे चरित्रकार सांगतात. लोकभाषेतील भागवतटीका त्यांनी शके १४९५ मध्ये (इ.स. १५७३) काशीक्षेत्री पूर्ण केली. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

उतारवयात भावार्थरामायण आरंभिले. युद्धकांड चालू असतानाच शके १५२१ मध्ये त्यांनी गोदामाईस देह अर्पिला. उरलेला ग्रंथ शिष्य गावबांनी पुरा केला. शेवट आपल्या हातून होईल की नाही, या चिंतेने नाथांची लेखणी थांबली नाही.

सज्जनहो, आज निदान एक काम पूर्ण चित्ताने करून आपणही ते नाथचरणी वाहावे.