उनाड शब्दांचे दप्तरदार : कर्नल हेन्री यूल

तरुणांच्या तोंडची भाषा बिघडली, ही तक्रार प्रत्येक पिढीतील वडीलधारी मंडळी करीत आली आहेत. कट्ट्यावर, बराकीत अथवा बाजारात जन्मलेला शब्द शिष्टांना खपत नाही. तो निबंधात आला की त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. परंतु अशाच उनाड शब्दांची नोंद ठेवण्यासाठी आयुष्याची चौदा वर्षे वेचणारा एक लष्करी अभियंता एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. कर्नल हेन्री यूल हे त्याचे नाव.

यूल यांचा जन्म १ मे १८२० रोजी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मेजर होते. फार्सी व अरबीचे जाणकार आणि हस्तलिखितांचे संग्राहक म्हणून त्यांची ख्याती होती. विद्येची ही आवड मुलाकडे आली. कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकून यूल १८४० साली बंगालच्या अभियंता दलात दाखल झाले. खासी टेकड्या, उत्तर हिंदुस्थानातील कालवे, शिखांशी झालेली युद्धे असा त्यांचा प्रवास झाला. १८५५ साली ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाचे ते चिटणीस होते. १८६२ साली निवृत्त झाल्यावर पत्नीच्या प्रकृतीस्तव ते सिसिलीतील पालेर्मो येथे राहिले. तेथे त्यांनी सिद्ध केलेली मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताची सटीप आवृत्ती १८७१ मध्ये निघाली आणि तिने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

तथापि त्यांचे नाव आज घरोघरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते निराळ्याच ग्रंथामुळे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी आर्थर बर्नेल हे संस्कृतचे पंडित होते; तंजावरच्या मराठा राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनीच तयार केली. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेले देशी शब्द दोघेही टिपून ठेवीत होते. १८७२ च्या सुमारास पत्रव्यवहारातून हे उघड झाले आणि दोघांनी काम एकत्र करण्याचे ठरविले. १८८२ साली बर्नेल अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. उरलेला भार यूल यांनी एकट्याने वाहिला आणि १८८६ मध्ये कोश प्रसिद्ध झाला. मोहरमच्या मिरवणुकीतील हसन-हुसेन यांच्या नावांचा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडून त्याचे जे विडंबन झाले, तेच त्यांनी ग्रंथाचे नाव केले : 'हॉब्सन-जॉब्सन'.

या कोशात मौज पुष्कळ आहे. नोकराला 'कोई है' अशी हाक मारणारा बंगालचा साहेब 'क्वाय-हाय' झाला. मुंबईचे साहेब 'डक' ठरले, कारण आपल्या बोंबलाला इंग्रज 'बाँबे डक' म्हणत. मद्रासचे साहेब तेथील मिरपाण्यावरून 'मल्ल' झाले. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती जो 'मराठा डिच' खणला गेला, त्यावरून त्या शहरालाच थट्टेने 'डिच' व तेथील गोऱ्यांना 'डिचर' म्हणत. खंदक पुढे बुजला. भीतीची आठवण टोपणनावात राहिली.

शब्द पिढी आणि देश ओलांडताना अर्थ कसा पालटतात, याचे उत्तम उदाहरण 'विलायत' हे आहे. मुळात या अरबी शब्दाचा अर्थ प्रांत अथवा राज्य. हिंदुस्थानात त्याला परदेश, मग इंग्लंड असा अर्थ आला. सोडावॉटर 'विलायती पानी' झाले. १९१४ च्या महायुद्धात इंग्रज शिपायाच्या तोंडी तोच शब्द 'ब्लायटी' बनून मायदेशाचे लाडके नाव ठरला. इतकेच नव्हे, तर मायदेशी धाडले जाण्याइतकी गंभीर जखमही 'ब्लायटी' म्हणविली गेली. जो शब्द आपणांस परका प्रदेश दाखवी, तोच त्याला घर दाखवू लागला.

परंतु या ग्रंथातील सर्वांत बोलका पुरावा व्याकरणाचा आहे. साहेबांनी उचललेली देशी क्रियापदे पाहावीत : पकडाओ, बनाओ, लगाओ, धमकाओ. ही सारी आज्ञार्थी रूपे. इंग्रजीत मात्र ती मूळ धातू म्हणून वापरली गेली. यूल यांनी ही विकृती नेमकी टिपली आहे. तिचे कारण उघड आहे. हिंदुस्थानी माणसाशी साहेबाचे बोलणे बहुधा हुकुमापुरतेच होते. म्हणून क्रियापदाचे दुसरे रूप त्याच्या कानाला परिचितच नव्हते. राज्यकर्ते आणि प्रजा यांचे नाते कसे होते, हे सरकारी अहवालांतील गोड भाषा लपवील. 'पकडाओ' लपवीत नाही. यूल स्वतः साम्राज्याचेच सेवक होते, लंडनमधील इंडिया कौन्सिलवरही ते होते. तरीही शब्द जसा बोलला जातो तसा, जुन्या लेखांतील सनवार उताऱ्यांसह नोंदण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी सोडला नाही. ३० डिसेंबर १८८९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. १९०३ साली विल्यम क्रुक यांनी कोशाची वाढविलेली आवृत्ती काढली.

आपल्याकडेही व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. तीत उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. गिऱ्हाइकासमोर भाव बोलावा आणि त्याला तो कळू नये, यासाठी ही योजना. म्हणजे येथेही शब्दांत नातेच दडलेले आहे. अशुद्ध शब्दाखाली रेघ ओढणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय. मात्र रेघ ओढण्यापूर्वी तो शब्द कोणी, कोणास उद्देशून आणि का घडविला, एवढे विचारून वहीच्या मागच्या पानावर त्याची नोंद केली, तर पुढच्या पिढीला आपली खरी ओळख पटेल. उनाड शब्द अल्पायुषी असतात. ज्यांची नोंद होत नाही, ते आपल्या काळाची साक्ष बरोबर घेऊन जातात.