भात्यावर उडालेलं विमान

मित्रांनो, लढाऊ विमानाचा गेम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी खेळलेला असतो. पण फ्लाइट सिम्युलेटरचा उगम ऑर्गनच्या कारखान्यात झाला, हे किती जणांना ठाऊक आहे?

एडविन लिंक यांचा जन्म १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅमटन इथे पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२० साली एडविननं पन्नास डॉलर मोजून विमान चालवण्याचा पहिला धडा घेतला. शिक्षकानं तासभर गिरक्या मारल्या, कोलांट्या मारल्या, पण पोराला स्टिकला हात काही लावू दिला नाही! पैसे गेले, पण डोक्यात किडा शिरला : हे जमिनीवर बसून स्वस्तात शिकता येणार नाही का?

कारखान्यात भाते, झडपा, हवेचे पंप तयारच होते. आपल्या बाजाच्या पेटीत भात्यानं स्वर निघतो; लिंकनी भात्यांवर अख्खं कॉकपिट बसवलं. स्टिक हलवली की झडपा उघडायच्या, भाते फुगायचे-बसायचे आणि कॉकपिट पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलायचं. रडर दाबला की मोटरवर गोल फिरायचं. १९२९ पर्यंत यंत्र तयार झालं, १९३१ मध्ये पेटंटही मिळालं. पण गिऱ्हाईक कोण? तर करमणुकीच्या बागा!

आता यात खरेपणा किती होता? इंजिनियरच्या नजरेनं बेताचाच. वैमानिकाच्या जागेवरून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं विमान डावीकडे कलायला बघतं. शिवाय प्रोपेलरमागची हवा पीळ घेत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते आणि नाक डावीकडे वळतं. म्हणून टेकऑफला उजवा रडर लागतो. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरमध्ये प्रोपेलर उलटा फिरायचा, तेव्हा वैमानिकांना पायाची सवयच बदलावी लागली. २००१ च्या 'आयएल-२ स्टुर्मोविक' गेममध्ये हा टॉर्क चालू-बंद करायची सोय आहे (आणि बंद ठेवून शेखी मिरवणारेही आहेत!). लिंकच्या पहिल्या यंत्रात तर एलेरॉन आणि रडर यांचा एकमेकांशी मेळसुद्धा नव्हता. सगळी जुळवणी करून बघत, अंदाजानं केलेली.

मग अशा यंत्रानं जीव कसे वाचवले?

१९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहण्याचं काम आलं. रात्र, ढग, हिमवादळ यांत काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मेले. ढगात क्षितिज दिसत नाही आणि कानातला तोल फसवतो. विमान वळत असतं, पण शरीर सांगतं सरळ चाललंय. लिंकनी आपल्या यंत्रात काटे बसवून वर झाकण घातलं होतं, म्हणजे उडायचं ते फक्त काट्यांवर. सैन्याचे अधिकारी नेवार्कला वाट बघत होते. हवा इतकी खराब की हे येतील असं कुणालाच वाटेना. लिंक काटे बघत विमान घेऊन उतरले! सैन्यानं सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून जास्त वैमानिक आणि कर्मचारी लिंक ट्रेनरवर शिकले.

पुढे लिंक समुद्राखालच्या संशोधनाकडे वळले. १९७३ मध्ये त्यांच्याच पाणबुडीत अडकून त्यांचा मुलगा गेला. त्यानंतर सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या माणसानं अडकलेल्या पाणबुड्या सोडवणारं यंत्र बनवायला घेतलं. १९८१ साली ते वारले.

मित्रांनो, सिम्युलेटर किती खरा, यापेक्षा कुठे खरा हा प्रश्न मोठा. प्रोपेलरच्या विमानाची लढाई शिकायची तर टॉर्क हवाच. पण ढगात मरणाऱ्या वैमानिकाला हवा होता काट्यांवरचा विश्वास, आणि तेवढं त्या भात्यांच्या डब्यात पुरेपूर होतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टचं मॉडेल करताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवाल, तेव्हा आधी एवढं विचारा : माणूस नेमका कुठे चुकतोय?