फादर थॉमस स्टीफन्स : उपासना वर्षाला मराठी ओवी देणारे पुराणकार

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडतो तेव्हा अमरावती-अकोल्याकडील शिवारांत कापसाची वेचणी सुरू असते आणि तुरीला शेंगा धरू लागलेल्या असतात. मंदिरात वेदीवर जांभळे वस्त्र येते, पहिली मेणबत्ती पेटते आणि नवे उपासना वर्ष सुरू होते. किती जणांच्या ते ध्यानी येते, हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंना दरवर्षी सतावतो. नाताळ आला की नवे कपडे, प्रायश्चित्तकाळ आला की मांसवर्ज्य शुक्रवार, पास्काच्या पहाटे मिस्सा; काळामागून काळ जातात, परंतु त्यांतून वाहणारी तारणाची कथा मनात उतरतेच असे नाही. म्हणूनच यंदा आगमनकाळाच्या निमित्ताने, हाच प्रश्न चार शतकांपूर्वी ज्यांच्यासमोर उभा राहिला, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. मुलाचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी कसोटीचा होता. राणी एलिझाबेथच्या राजवटीत मिस्सा बेकायदा ठरली होती, आणि धर्मगुरूला घरात आश्रय देणे हेही धोक्याचे होऊ लागले होते. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्रासोबत तरुण स्टीफन्स त्याचा नोकर बनून वावरत असे, जेणेकरून दोघांना गुप्तपणे धर्माचरण करता यावे. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. पण पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575 मध्ये येशूसंघात दाखल झाले. ज्याच्या देशात आपले सण लपून साजरे करावे लागतात, त्याला सणाचे मोल निराळे कळते. ही गोष्ट पुढील हकिकत वाचताना विसरता कामा नये.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन सोडलेले त्यांचे जहाज 24 ऑक्टोबरला गोव्याला लागले. प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी वडिलांना लिहिले, ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि हिंदुस्थानाविषयी कुतूहल असलेल्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. 1580 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. तेथेच, मडगाव आणि आसपासच्या गावांत, त्यांची पुढची सुमारे चाळीस वर्षे गेली.

साष्टीतील परिस्थिती कशी होती, हे झाकून ठेवणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. स्टीफन्स येण्यापूर्वी बारा वर्षे, 1567 मध्ये, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. जुन्या पोथ्या आणि जुने उत्सव यांवर बंदी आली होती. ज्या मनुष्याच्या मायदेशी त्याचे स्वतःचे सण निषिद्ध होते, तो अशा भूमीत आला जिथे दुसऱ्यांचे सण निषिद्ध केले गेले होते. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळी येथे रोष उसळला आणि रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांचा वध झाला. त्यांचे देह परत मिळवण्याच्या कामी स्टीफन्स पुढे होते. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावाच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार मारले. ख्रिस्तसभेने 1893 मध्ये त्या पाच हुतात्म्यांना धन्य घोषित केले. कुंकळ्ळीचे लोकही आपल्या मारल्या गेलेल्या गावप्रमुखांचे स्मरण ठेवतात. आमच्या मते दोन्ही स्मरणे खरी आहेत.

येथे वऱ्हाडाशी जुळणारा एक धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच 1583 सालच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे इंग्रज सोबती कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, जामिनाची व्यवस्था झाली आणि ते बाहेर पडले. एप्रिल 1584 मध्ये फिच व न्यूबेरी जामीन मोडून गोव्यातून निसटले. (जामीनदाराचे पुढे काय झाले असेल, हा विचार आमच्या मनात येतोच.) विजापूर, गोवळकोंडा असे करीत फिच उत्तरेकडे निघाले, आणि बुऱ्हाणपूरला पोहोचण्यापूर्वी आपल्या अकोला जिल्ह्यातील बाळापुरावरून गेले. म्हणजे फादर स्टीफन्स स्वतः वऱ्हाडात कधी आले नाहीत, पण ज्याच्या सुटकेसाठी त्यांनी रदबदली केली, तो मनुष्य मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरील त्या गावातून चालत गेला.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. साष्टीच्या लोकांची बोली कोंकणी होती आणि ग्रंथांची, पुराणांची भाषा मराठी. स्टीफन्स दोन्ही शिकले, आणि नुसते कामापुरते शिकले नाहीत. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नोंदविले. विद्वानांना हे नाते शास्त्रशुद्ध रीतीने मांडावयास पुढे दोन शतके लागली. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले. कोंकणीतील त्यांची धर्मप्रश्नोत्तरीही 1622 मध्ये, म्हणजे मरणोत्तरच, प्रसिद्ध झाली.

परंतु त्यांचे नाव ज्यामुळे मराठीत अजरामर झाले, तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण. त्याचा उगम ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरात सांगितला आहे. रविवारी मुलांची धर्मशिकवण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री गुरूंना आपली अडचण सांगतो. प्रार्थना आणि आज्ञा शिकवल्या जातात ते बरे आहे. परंतु पूर्वीच्या पोथ्या वर्ज्य झाल्या, मग मोकळ्या वेळी लोकांनी ऐकावे काय, त्यांच्या मनाला गुंतवील अशी एखादी कथा का नसावी, असा त्याचा आशय आहे. ही अडचण खरोखर मर्मावरची होती. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होत असे. ज्या समाजाचे वर्षच पोथी, कीर्तन आणि उत्सव यांनी विणलेले होते, त्याच्या हातातून ते वर्ष काढून घेतले गेले होते आणि नव्या वर्षाची नुसती तारीखवार यादी हाती पडली होती. सण मिळाले होते, त्यांची कथा आपल्या वाणीत मिळाली नव्हती.

वऱ्हाडातील वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. आपल्या जिल्ह्यांत चातुर्मासात गावोगाव पोथी लागते, शेगावच्या भक्तांच्या घरी एकवीस अध्यायांचे पारायण होते, आणि गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या आठवणी अमरावतीत अजून निघतात. येथील माणूस कानांनी श्रद्धा शिकतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, तेही ऐकलेल्या गोष्टी जतन करण्यासाठीच.

स्टीफन्स यांनी ओवी निवडली. पैठणला संत एकनाथ ज्या काळात ओवीबद्ध ग्रंथ लिहीत होते, त्याच काळात हा परदेशी मनुष्य साष्टीत तोच छंद कानात साठवीत होता. त्याने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. स्वर्गासाठी वैकुंठासारखे ओळखीचे शब्द घेतले. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आजही शाळकरी मुलांना ठाऊक असतात, ज्यांनी ग्रंथाचे नावही ऐकलेले नसते.

ग्रंथाच्या रचनेकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक येशूच्या जगात येण्याविषयीचे निरूपण असे होते. म्हणजे आगमन हाच त्याचा विषय. पहिल्या पुराणात 36 अवस्वर आहेत आणि त्यांत येशूचा जन्म होतच नाही. सृष्टीची उत्पत्ती, आदिमातापित्यांचे पतन, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, अशी वाट पाहणाऱ्या पिढ्यांची ती कथा आहे. 95 अवस्वरांच्या ग्रंथापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग श्रोत्याला केवळ थांबायला लावतो. दुसऱ्या पुराणाच्या 59 अवस्वरांत पवित्र मरिया, गव्हाणी, गालीलातील फिरस्ती, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते. आमचा आजचा अधीरपणा या रचनेपुढे उघडा पडतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आम्ही नाताळची गाणी सुरू करतो. स्टीफन्स यांनी श्रोत्यांना हजारो ओव्या वाट पाहावयास लावली आणि श्रोते बसून राहिले.

ग्रंथ छापणे सोपे नव्हते. 1608 मध्ये त्यांनी येशूसंघाच्या रोममधील वरिष्ठांना पत्र लिहून छपाईची परवानगी मागितली. देशी लिपीत छापावे ही त्यांची इच्छा होती. परंतु जोडाक्षरांसह सुमारे सहाशे खिळे लागतील, ही अडचण त्यांना ठाऊक होती. ते खिळे कधी तयार झाले नाहीत. अखेर 1616 मध्ये राशोल येथे मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. रविवारी आणि सणांच्या दिवशी मिस्सानंतर साष्टीच्या चर्चांतून त्याचे वाचन होऊ लागले. लोकांनी तो गाऊन पाठ केला. लॅटिन मिस्सा संपल्यावर, त्या दिवसाचा अर्थ त्यांना आपल्या भाषेत भेटत असे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1619 मध्ये, फादर स्टीफन्स यांनी गोव्यातच देह ठेवला. मायदेशी ते कधी परतले नाहीत.

पुराणाची दुसरी व तिसरी आवृत्ती 1649 आणि 1654 मध्ये निघाली. मग वारा फिरला. 1684 मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे ठरविले. ज्या ख्रिस्तसभेच्या एका पुत्राने लोकभाषेत सण रुजविले, तिच्याच छायेतील सत्तेने ती भाषा उपटण्याचा प्रयत्न केला, हे आम्हांला खेदाने नमूद करावे लागते. मूळ तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत आणि गळ्यांत. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो सोबत नेला, आणि टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला असतानाही त्यांनी या ओव्या गायल्या अशी परंपरा आहे. 1907 मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये पुण्यातून काढली. त्याच्या आदल्या वर्षी, 1955 मध्ये, नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला होता. आणि 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. राशोलच्या छपाईनंतर 347 वर्षांनी.

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात, क्रूसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर, आम्ही एका खेड्यातील छोट्या प्रार्थनामंदिरात ख्रिस्तपुराणातील दुःखसहनाचा भाग वाचू लागलो. मार्च संपत आलेला, पंखा बंद, आणि शब्द जुने. दहा ओव्यांत लोक चुळबुळू लागले. आम्ही पुस्तक मिटणार, इतक्यात मागच्या चटईवरील एका वृद्ध माउलीने आम्हांला थांबवून सांगितले की फादर, तुम्ही हे बातम्यांसारखे वाचता. तिने पहिली ओवी जात्यावरच्या चालीत म्हणून दाखविली. दुसऱ्या ओवीला तिच्या शेजारच्या दोघी तिच्याबरोबर होत्या. अवघड शब्दांचा अर्थ त्या रात्री कोणी विचारला नाही. तो पुढच्या शुक्रवारी विचारला, आणि त्यासाठी तासभर बसले.

त्या माउली आता हयात नाहीत. त्यांच्या चालीवर त्या गावात दर प्रायश्चित्तकाळी शुक्रवारी ओव्या होतात, उन्हे उतरल्यावर, सायंकाळी सात वाजता. यंदा त्यांनी आगमनकाळातही पहिले पुराण लावले आहे. नोहापर्यंत आले आहेत.