विखुरलेली पिसे आणि रद्दीतला ग्रंथ

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले आणि अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्या इतिहासात कायमचे जाऊन बसले. त्याच वर्षी ह्यूम यांनी आपला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला होता, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. या दानामागे एक शोकांतिका होती आणि ती आजच्या पक्षीनिरीक्षकांनी समजून घेण्याजोगी आहे.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातील सुधारणावादी सभासद. १८४९ मध्ये ह्यूम हिंदुस्थानात आले आणि मुलकी अधिकारी म्हणून इटावा जिल्ह्यात नावारूपास आले. तेथे त्यांनी मोफत शाळा काढल्या आणि पक्ष्यांचे नमुने जमविण्यास आरंभ केला. तो पहिला संग्रह १८५७ च्या धामधुमीत नष्ट झाला. ह्यूम यांनी तो पुन्हा पहिल्यापासून उभा केला.

१८६७ मध्ये त्यांची अंतर्गत जकातीचे आयुक्त म्हणून नेमणूक झाली. करचुकव्या मिठाची वाहतूक रोखण्यासाठी सरकारने दोन हजार मैलांहून अधिक लांबीची जकातरेषा आखली होती आणि तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झाडांचे कुंपण उभे केले होते. या रेषेवरील फिरतीत ह्यूम यांचा पक्षीसंग्रह वाढला. मिठाची वाट अडविणे ही त्यांची नोकरी होती, तर माहितीची वाट मोकळी करणे हा त्यांचा छंद!

१८७१ मध्ये ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव होऊन शिमल्यास गेले आणि १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे विखुरलेली पिसे, हे नियतकालिक सुरू केले. नाव अत्यंत समर्पक होते. दूरदूरच्या ठाण्यांवर विखुरलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या वह्यांतील नोंदी त्यांच्या त्यांच्या नावाने येथे छापल्या जाऊ लागल्या. पक्षी कोठे व केव्हा दिसला, घरटे कोणत्या महिन्यात सापडले, हे तपशील त्यात असत. फेअरबँक यांनी १८७६ मध्ये खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व अहमदनगर येथील पक्ष्यांची यादी दिली. डेव्हिडसन व वेंडन यांनी दख्खनवर, तर विडाल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणावर लिहिले. हे बहुतेक सारे काम बंदुकीच्या बळावर झाले आणि लेखकांत गोऱ्यांचाच भरणा होता, हे नाकारता येत नाही. तरीही सह्याद्रीच्या पक्षीजीवनाचा दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब आज मांडावयाचा तर या पानांकडेच वळावे लागते.

सरकारशी मतभेद झाल्याने १८७९ मध्ये ह्यूम यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक सर्वंकष ग्रंथ लिहावा ही त्यांची आकांक्षा होती आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची हस्तलिखिते शिमल्याच्या घरी साठली होती. संग्रह देऊन टाकण्यापूर्वी एक-दोन वर्षे ते प्रवासाहून परतले, तेव्हा नोकराने ती रद्दी म्हणून बाजारात विकून टाकल्याचे आढळले. ह्यूम यांचा उत्साह मावळला. सुमारे ऐंशी हजार नमुने लंडनला रवाना झाले. १८९४ मध्ये ह्यूम स्वदेशी परतले, वनस्पतिशास्त्रात रमले आणि ३१ जुलै १९१२ रोजी निवर्तले.

या आयुष्याचा हिशेब स्पष्ट आहे. जे छापून सर्वांच्या हाती दिले ते टिकले. जे एका घराच्या कपाटात राहिले ते पुड्या बांधण्याच्या कामी आले.

वाटलेली नोंद खरी असणेही तितकेच आवश्यक असते. रानपिंगळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला सापडेना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळविल्याचा दावा केला. पुढे हा नमुना म्युझियममधून चोरून, नवी चिठ्ठी लावून सजविलेला डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी असल्याचे उघड झाले. त्या खोट्या चिठ्ठीने शोधकांची दिशाभूल केली होती. ती बाजूला सारून अस्सल नमुन्यांवरील ठिकाणांचा माग काढला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत सापडला!

२०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ प्रजातींची पाहणी करून त्यांतील १७८ प्रजातींच्या संरक्षणाला त्याने अग्रक्रम दिला. एवढा पट एका ह्यूमच्या आवाक्यातला नव्हता. तरीही गावोगावच्या कितीतरी निरीक्षकांच्या वह्या आजही कपाटांत पडून आहेत. माळ नांगरला जाण्यापूर्वी, तळे बुजविले जाण्यापूर्वी तेथे काय होते, याची साक्ष त्या वह्यांतच असते. ती संशोधकांच्या हाती वेळेवर आणि प्रामाणिकपणे पोहोचली नाही, तर तिला रद्दीवाल्याखेरीज गिऱ्हाईक उरणार नाही.