हिशेबाला धर्म मानणारे कुमारप्पा

गुलमंडीच्या पेठेत दुकानाचे मोल जागा, माल आणि पत पाहून ठरते. जे. सी. कुमारप्पा यांनी या मोजमापात आणखी एक बाब धरली. नफा कोणाच्या श्रमावर उभा आहे, ही.

तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात ४ जानेवारी १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकून त्यांनी मुंबईत पेढी थाटली. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त अभ्यासताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ परकीय राजवटीच्या करधोरणात असल्याचे त्यांना उमगले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि पेढी मागे पडली.

१९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचा जमाखर्च त्यांच्याकडे होता. स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, हा त्यांचा दंडक. खुद्द गांधीजी सहकाऱ्यांसह आले तेव्हा त्यांचा खर्चही निधीतून देण्यास कुमारप्पांनी नकार दिला. असा हिशेबनीस विरळाच! गांधीजींनी मात्र तो नकार मानला आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांच्याकडेच सोपवली. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद यांचे प्रयोग सुरू झाले.

बेचाळीसच्या आंदोलनानंतरच्या तुरुंगवासात त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर एक आणि येशूच्या शिकवणुकीवर एक ग्रंथ लिहिला. स्वस्त वस्तू घेणारा ग्राहकही तिच्यामागच्या शोषणाचा भागीदार ठरतो, हे मत त्यांनी आयुष्यभर मांडले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.